डोकं नसलेलं शेपूट

निवृत्तीनंतर धारूरला येऊन राहिले, तेव्हा शेजारच्या बायकांनी पहिल्याच आठवड्यात विचारून घेतलं, "आक्का, तुमी नोकरीत नेमकं करत काय व्हतात?" मी खरं तेच सांगितलं, "शेपट्या बघत होते." त्यांनी एकमेकींकडे पाहिलं, मला आणखी अर्धा कप चहा दिला आणि सीताफळाच्या भावाचा विषय काढला. त्यानंतर त्या वाटेला कुणी गेलं नाही.

पण मी खरंच शेपट्या बघत होते. आमची दुर्बीण रेडिओ लहरींची. माळावर लांबलांब पांगलेल्या जाळीच्या अवाढव्य तबकड्या. आकाशातून येणाऱ्या लहरी त्या गोळा करत आणि संगणकात आकड्यांचा ढीग पडे. त्या ढिगातून चित्र काढायचं, हे माझं काम. "तिकडून काय ऐकू येतं?" असं लोक विचारत. काहीही ऐकू येत नाही. आकडे येतात, आणि त्यातले निम्मे कचरा असतात.

तो कचरा निवडण्यातच माझं आयुष्य गेलं. एकदा चित्रांवर सारखे आडवे पट्टे उमटायला लागले. शोधत शोधत आमची माणसं एका उसाच्या फडात पोचली. रानडुकरं येऊ नयेत म्हणून शेतकऱ्याने तारेच्या कुंपणाला झटका मशीन जोडलं होतं, आणि त्याची प्रत्येक ठिणगी आमच्या आकाशात उमटत होती. आम्ही हात जोडले. तो म्हणाला, "तुम्ही डुकरं आवरा, मी मशीन आवरतो." कोट्यवधी प्रकाशवर्षांवरून आलेली लहर शेवटी एका डुकरापाशी अडते, हे मी तिथं शिकले. शेवटी त्याला दुसरं, शांत मशीन आणून दिलं तेव्हा प्रकरण मिटलं.

शेपट्या म्हणजे काय, हे मी सगळ्यात नीट समजावून सांगितलं ते कुसुमला. कुसुम माझ्या धाकट्या भावाची, भानुदासची बायको. सुट्टीत आले की मी तिला स्कूटीवर मागे बसवून घाटातून फिरवून आणायची. एका फेरीत तिने विचारलं, "वन्सं, त्या शेपट्या कशाच्या असत्यात?"

मी म्हटलं, "तुझा पदर बघ कुठे उडतोय."

"मागं."

"आणि झाडाचं पान हलतंय का?"

तिने दरीकडे पाहिलं. दुपारची वेळ होती, पान हलत नव्हतं. वारा नव्हताच. आम्ही चाललो होतो म्हणून पदर मागे चालला होता.

तिला सांगितलं तेच इथे सांगते. काही दीर्घिकांच्या पोटात प्रचंड कृष्णविवर असतं. त्याच्या आजूबाजूने दोन झोत निघतात, एक इकडे, एक तिकडे. रेडिओ दुर्बिणीला हे झोत झळझळीत दिसतात. दीर्घिका एकटी, निवांत असेल तर झोत सरळ जातात. पण पुष्कळ दीर्घिका जथ्याने राहतात, शेकड्यांनी. अशा जथ्यात दोन दीर्घिकांच्या मधली जागा रिकामी नसते. तिथे वायू भरलेला असतो, भयंकर तापलेला आणि इतका विरळ, की आपल्याकडे कुठल्या यंत्राने बाटली उपसून रिकामी केली तरी तिच्यात त्याहून जास्त हवा उरेल. साध्या दुर्बिणीला तो दिसत नाही. पण दीर्घिका त्यातून वेगाने निघाली की तोच वायू समोरून रेटतो. दोन्ही झोत मागे वाकतात आणि पुढे एकत्र मिसळून लांबलचक शेपूट होतं. डोक्याच्या जागी दीर्घिका, मागे तिने कापलेली वाट. जथा कसा आहे, वायू कुठे दाट आहे, कुठे ढवळला गेलाय, हे सगळं त्या शेपटीच्या वाकणावरून वाचता येतं. जे दिसत नाही त्याने जे दिसतं त्याला वाकवलेलं असतं.

कुसुमने उडणारा पदर मुठीत धरला. मग म्हणाली, "मंजी मानूस कुटून गेलं ते कळतं."

"हो."

"मग ह्यांचं बगा की."

भानू तेव्हा घरातून जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती.

भानूचा धंदा लाऊडस्पीकरचा. लग्न असो, सभा असो, जत्रा असो, भोंगे त्याचे आणि आवाजही त्याचाच. असा आवाज आमच्या घराण्यात पुन्हा होणार नाही. जाड, गोड, आणि दर वाक्याच्या शेवटी जरासा वर चढणारा. कपिलधारच्या धबधब्यापाशी कार्तिकात जत्रा भरते, तिथे तो कायम माइकवर असायचा. एकदा परभणीकडे मंडपाचं काम आहे म्हणून गेला तो आलाच नाही. भांडण नव्हतं, काही नव्हतं. जायच्या आधी घसा बसलेला होता, एवढंच कुसुमला आठवायचं. ती आडुळशाचा काढा करून द्यायची आणि तो तोंड वाकडं करून प्यायचा.

मग पुढच्या कार्तिकात बातमी आली की भानू कपिलधारला आहे. भावकीतल्या दोघातिघांनी भोंग्यावर त्याचा आवाज ऐकला. कुसुम धावत गेली. धबधब्याच्या आवाजाच्या वरून आवाज येत होता, "माय-बापहो, धबधब्याखाली जाऊ नका. पोरांचा हात सोडू नका." आणि 'धबधब्या' म्हणताना मधेच खोकल्याची ढास. गर्दीतून वाट काढत ती माइकच्या मंडपाशी पोचली. खुर्ची रिकामी. माइक टेबलावर आडवा पडलेला. आणि आवाज चालूच.

ती दुपार तिने मला इतक्या वेळा सांगितली आहे की ती खुर्ची मी स्वतः पाहिल्यासारखी वाटते. मंडपवाले दर वर्षी वेगळे. त्यांना विचारलं तर म्हणाले, जत्रेच्या कमिटीनं दिलंय ते आम्ही लावतो. आवाज सगळ्यांनी आपल्या कानांनी ऐकलेला, म्हणून कमिटीला विचारायला कुणी गेलंच नाही. तुम्ही म्हणाल, टेप असणार. मीही तेच म्हटलं होतं. कुसुम उसळली, "टेपीला खोकला येतो व्हय, वन्सं? खोकला ठिवून कोन टेप करतंय?" तिची समजूत एकच झाली होती, "मला बगून उठून गेले." पुढे दर कार्तिकात ती काढ्याची बाटली घेऊन जायची, रिकाम्या खुर्चीवर ठेवायची आणि लांब जाऊन बसायची. आपण दिसलो नाही तर तो येईल, म्हणून. संध्याकाळी बाटली तशीच असायची.

घरचे सगळे कपिलधारच्याच आजूबाजूला शोधत राहिले. मांजरसुंब्यापासून बीडपर्यंत एक धर्मशाळा सोडली नाही. आणि मग बारा वर्षं भरत आली. आमच्याकडे रीत अशी, की गेलेला माणूस बारा वर्षांत परतला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्यालाच तो माणूस समजून अग्नी द्यायचा आणि दिवस घालायचे. थोरल्या काकांनी निरोप धाडला की दिवाळीनंतर हे उरकायचं. कुसुमचं म्हणणं एवढंच होतं, "जित्या मानसाला जाळू देनार न्हाई. मी रोज कुकू लावते ते कुनाच्या नावानं?"

त्याच सुमाराला माझ्या नोकरीतलं सगळ्यात विचित्र चित्र माझ्यासमोर आलं.

चित्र नाझिमाचं होतं. नाझिमा माजलगावची, फळवाल्याची मुलगी. संशोधन करायला आमच्याकडे आली होती. दुसऱ्या दिवशी तिने कॅन्टीनमध्ये "लई गोड हाय चहा" म्हटलं आणि मी मान वर करून पाहिलं. तेव्हापासून आमचं जमलं. दूरच्या एका जथ्याचं चित्र आम्ही दोघी काढत होतो. कचरा निवडत गेलो तसतसं काळ्या पडद्यावर एक शेपूट वर यायला लागलं. लांब, वळणदार, एका टोकाला झळझळीत, दुसरीकडे विरत गेलेलं.

आमच्या धंद्यातला पहिला नियम असा, की झळझळीत टोकाला डोकं. झोत तिथून निघतो, ते सगळ्यात ताजं. मागे मागे जावं तसं जुनं आणि फिकं. म्हणून त्या टोकाशी कुठली दीर्घिका आहे ते साध्या प्रकाशातल्या चित्रावर बघायला घेतलं.

तिथे काहीच नव्हतं.

जरा पुढे पाहिलं, जरा बाजूला पाहिलं. काळोख. कुणीतरी गेल्याची खूण समोर धडधडीत होती आणि गेलेलं कुणी नव्हतं. भर दुपार होती, खोलीत ट्यूबलाइट होत्या, बाहेर माळी पाइप ओढत होता, तरी माझ्या अंगावर काटा आला. नाझिमा हळूच म्हणाली, "मॅडम, ह्याला डोकंच न्हाई."

आधी आम्ही यंत्राचा दोष धरला. आकडे पुन्हा निवडले, चित्र पुन्हा काढलं. शेपूट तिथेच. दुसऱ्या दिवशीचं निरीक्षण घेतलं. तिथेच. वरिष्ठ म्हणाले, सोडून द्या, डोकं सापडल्याशिवाय कुणी छापणार नाही. नाझिमा मात्र हटली नाही. जेवताना, चालताना ती त्या टोकाच्या पुढचंच आकाश चाळत बसायची. मला तिच्याकडे बघून कुसुम आठवायची. तीच मान पुढे काढून बघण्याची तऱ्हा.

शेवटी आम्ही तेच आकाश वरच्या फ्रिक्वेन्सीवर बघायचं ठरवलं. याचं कारण सोपं आहे. झोतातलं द्रव्य ताजं असताना खालच्या-वरच्या सगळ्या फ्रिक्वेन्सीवर दिसतं. जुनं होत गेलं की त्याचा जोर सरतो आणि ते फक्त खालच्या फ्रिक्वेन्सीवर उरतं. म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सीवर जे टिकेल ते नवं.

नवं चित्र तयार झालं. झळझळीत टोक गायब होतं. साफ पुसलेलं. आणि फिकं, विरलेलं, आम्ही ज्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं ते दुसरं टोक केसाएवढ्या रेघेने शिल्लक होतं.

मग उपग्रहाने क्ष-किरणांत घेतलेलं त्या जथ्याचं चित्र शेजारी लावलं. त्यात तो तापलेला वायू दिसतो. दोन जथे एकमेकांवर आदळले होते आणि त्या धक्क्याची लाट वायूतून चालली होती. लाट नेमकी झळझळीत टोकावरून गेलेली. सगळा उलगडा झाला. ते टोक सगळ्यात जुनं होतं, विझून गेलेलं. लाटेने ते दाबलं आणि ते पुन्हा पेटलं, राखेवर फुंकर पडावी तसं. आम्ही उजेडाला ताजेपणा समजलो आणि बरोबर उलट्या दिशेला डोकं शोधत बसलो.

आम्ही त्या केसाएवढ्या रेघेच्या पुढे गेलो. बऱ्याच अंतरावर एक दीर्घिका होती. वेग जुळला, दिशा जुळली. तिचे झोत केव्हाच बंद पडलेले. रेडिओत ती जवळजवळ मुकी. झोत थांबले त्या जागी शेपूट थांबलं, आणि ती तशीच गुपचूप पुढे निघून गेली होती.

नाझिमाने मला मिठी मारली. मी तिच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होते आणि मला पडद्यावर कपिलधार दिसत होतं. आम्ही सगळे जिथे आवाज मोठा तिथे शोधत होतो. दर कार्तिकात जत्रेची लाट यायची आणि तिथलं काहीतरी पुन्हा पेटायचं. ते भानूचं ताजं टोक नसेलच तर? सगळ्यात जुनं असेल तर?

रजा टाकून आले. कुसुमला घेऊन कपिलधार गाठलं. जत्रेला अवकाश होता, धबधब्यापाशी चार माणसं होती. कमिटीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना आम्ही सरळ विचारलं. ते हसले. "भानूचा आवाज? कॅशेट व्हती त्याची. मागं त्यानंच भरून दिलती. आता पेनड्राइव्हवर घेतलीया. असा आवाज पुन्ना कुटं मिळायचा, बाई?"

"आणि खोकला?" मी विचारलं.

"पुन्ना भर म्हनलं तर म्हनला, आता आवाज निघत न्हाई, हाय तेच चालवा."

कुसुम धबधब्याच्या काठाला बसली. मला वाटलं, कोसळेल. ती म्हणाली, "मंजी ते खुर्चीत नव्हतेच. मला बगून गेले न्हाईत." आणि मग ती जी रडली ते रडणं दुःखाचं नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. इतकी वर्षं तिच्या छातीवर ती रिकामी खुर्चीच होती.

आता दुसरं टोक. सगळ्यांनी फिकं म्हणून सोडलेलं काही आहे का, ते आम्ही परतीच्या वाटेवर आठवत होतो. कुसुमला आठवलं. दिंद्रुडला हकीमभाईंचं स्पीकरच्या सामानाचं दुकान आहे. भानू गेल्यावर वर्षभराने त्यांनी सांगितलं होतं की तो दुकानात येऊन गेल्यासारखं वाटलं. गळ्याला रुमाल गुंडाळलेला. बोटाने दाखवून भोंग्याचं युनिट, म्हणजे मागचा आवाज काढणारा डबा, घेतलं, तोंडातून शब्द काढला नाही. काकांनी तेव्हा ती गोष्ट उडवून लावली होती, "भानू अन् न बोलता? दुसराच कुनी असंल." घरातल्या कुणालाच ते पटलं नव्हतं. भानू म्हणजे आवाज. न बोलणारा माणूस भानू असूच शकत नाही.

हकीमभाई म्हातारे झाले होते, पण त्यांना दुकानातली ती दुपार आठवत होती. "आपा, मैं तो तभी बोला था. हात भानूचाच व्हता. युनिट हातात घिऊन फुंकर मारायची सवय त्याचीच. गंगाखेडच्या मंडपवाल्याच्या टेम्पोत बसून गेला."

गंगाखेडला मंडपवाले थोडेच. तिसऱ्या गोदामात, रचलेल्या खुर्च्यांच्या मागे, एक माणूस मांडीवर भोंगा घेऊन तारा जोडत बसला होता. वाळलेला, पांढऱ्या दाढीचा. गळ्याला उपरणं. आमच्या सावल्या पडल्या तशी त्याने मान वर केली. भानूच होता.

तोंड उघडलं त्याने. ओठ हलले. आवाजाऐवजी उपरण्याखालून हवा फुसफुसली. गळ्याला भोक होतं. कॅन्सर निघाला होता, मोठ्या दवाखान्यात स्वरयंत्र काढून टाकलं होतं. मंडपाच्या मालकाने ते आम्हाला सांगितलं. भानू नुसता बघत होता. खोलीत एवढे भोंगे आणि इतकी शांतता, मला ते सहन होईना.

कुसुम पुढे झाली. "कावून आला न्हाईत?"

त्याने हाताने गळ्याकडे दाखवलं. मग दोन्ही हात पालथे केले. काय घेऊन येऊ, असं.

"आवाजासंगं लगीन लावलतं व्हय मी?" कुसुम ओरडली. "बारा वर्सं खुर्चीला काढा पाजला. जाळाय निगाले व्हते तुमाला पानाचा करून. अन् तुमी हितं तारा जोडताय?" ती त्याच्या दंडावर बुक्क्या मारत होती, आणि तो मार खाताना एकीकडून भोंगा खाली पडू नये म्हणून सांभाळत होता. तेव्हा मला हसू आलं आणि मी बाहेर जाऊन रडले.

पुतळा झाला नाही. भानू घरी आहे. नाझिमाचा शोधही छापून आला. आभार मानलेल्यांत तिने माझं नाव घातलं, हकीमभाईंचं घालायला मीच नको म्हटलं. कुणाला काय आणि किती समजावणार.

गेल्या कार्तिकात आम्ही तिघं कपिलधारला गेलो. कमिटीवाल्यांनी भानूला विचारलं की आता आवाज बंद करायचा का. त्याने मान हलवली. राहू द्या. मग तो भोंग्याच्या खांबाखालच्या दगडावर जाऊन बसला. डोक्यावरून त्याचाच आवाज चालला होता, जाड, गोड, शेवटी जरासा वर चढणारा. 'धबधब्या' म्हणताना ढास लागली तेव्हा त्याचा हात आपोआप उपरण्याकडे गेला आणि कुसुमने पिशवीतून काढ्याची बाटली काढली.

तेवढ्यात परगावची एक म्हातारी नातवाला घेऊन तिथे आली. भोंग्याकडे बघून तिने हात जोडले. "भानूच हाय बग," ती नातवाला म्हणाली, "औंदाबी आलाय." मग खाली पाहिलं आणि म्हणाली, "ओ बाबा, जरा सरकून बसा. पोराला ऐकू द्या."

भानू सरकला.